पेडल वाजवणाऱ्या पायासाठी बूट

तीन तास वाजवायचं आहे तर पायाखाली काहीतरी मऊ हवं, एवढाच विचार करून मी एकदा धावण्याचे बूट घेतले. जाडजूड सोल, टाचेखाली फोमची उशी. दुकानात चार पावलं टाकली तर गादीवर चालल्यासारखं वाटलं. पहिल्याच कार्यक्रमात मध्यंतराला ड्रमसेटच्या मागून उठले, तर उजवी नडगी पुढच्या बाजूने इतकी भरून आली होती की पायऱ्या उतरताना कठडा धरावा लागला. गंमत म्हणजे मी बुटांना दोष दिलाच नाही. वाटलं, आपलाच सराव कमी पडतोय. असे दोन महिने काढले. मग एका तालमीला येताना बूट चिंब भिजले, म्हणून ते काढून नुसत्या मोज्यांवर वाजवलं. दोन तास झाले तरी नडगी गप्प.

तेव्हापासून मी बुटांकडे वेगळ्या नजरेने बघते. मी ड्रमसेट आणि व्हायब्रफोन (धातूच्या पट्ट्यांचं, पेडल असलेलं वाद्य) वाजवते, घरी शिकवण्यापुरता पियानो. तिन्हीकडे पाय कामाला जुंपलेले. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी काठ्या कुठल्या घ्यायच्या ते सांगत नाही, पायात काय घालून आलात ते बघते.

मऊ बूट का नडतो, ते आधी सांगते. धावताना टाच जमिनीवर आपटते आणि तो दणका खाण्यासाठी फोम असतो. पेडलवर असं काही आपटत नाही. बहुतेक वेळा टाच टेकलेली राहते आणि घोटा बिजागरीसारखा फिरतो. चवडा खाली दाबायचं काम पोटरीचं, वर उचलून धरायचं काम नडगीच्या पुढच्या स्नायूचं. ही बिजागरी ज्यावर बसवली आहे ती टाचच फोममध्ये रुतत असेल, तर दर ठोक्याला घोट्याला स्वतःला सावरावं लागतं. त्यात बुटाचं वजन. मिनिटाला १२० च्या लयीत दर मात्रेला एक ठोका धरला, तर तासाला ७२०० वेळा चवडा उचलायचा, आणि दर वेळी चवड्याबरोबर बूटही उचलायचा. धावणाऱ्याला हलका वाटणारा बूट इथे हलका असेलच असं नाही, कारण त्याचा पुढचा भाग जाड आणि वर वळलेला असतो.

म्हणून माझ्या लेखी चांगला बूट म्हणजे: टाचेला कडक आणि स्थिर, चवड्याखाली पातळ, वजनाला कमी, आणि पायापेक्षा फार रुंद नाही. बाकी सगळं वाद्यावर अवलंबून.

दुकानात करायच्या परीक्षा

पहिली पेनाची. साधं बॉलपेन जमिनीवर आडवं ठेवा, टाच टेकवा आणि चवड्याने पेनावर हलकेच दाब द्या. पेन नेमकं कुठे आहे, अंगठ्याच्या मुळाशी की त्याच्या थोडं पुढे, हे डोळे मिटून सांगता आलं पाहिजे. काहीच कळलं नाही तर सोल जाड आहे. पेन टोचलं तर सोल फारच पातळ आहे. तासभर वाजवलं की पेडलची कड तशीच टोचणार.

दुसरी अंगठ्याची. बूट हातात घेऊन टाचेच्या जागी, आतून, अंगठ्याने जोरात दाबा. अंगठा रुतला तर बूट परत ठेवा. हीच परीक्षा पाठीमागच्या कडेलाही करा, टाचेला वेढणारा तो पुठ्ठ्यासारखा भाग असतो तिथे. तो चिमटीत सहज दुमडत असेल तर टाच आडवी हलत राहणार.

तिसरी वाकवण्याची. बूट चवड्याच्या रेषेत वाकायला हवा, जिथे बोटं सुरू होतात तिथे. मधोमध, कमानीखाली वाकत असेल तर पेडलची कड नेमकी तिथेच रुतते. आणि कुठेच वाकत नसेल तर तो बूट डोंगर चढायला ठीक.

चौथी परीक्षा करताना लोक बघतात, पण करा. खुर्चीवर बसा, टाच टेकवा आणि दोन मिनिटं एका लयीत चवडा उचलत राहा. मी तर जुन्या बेस ड्रमच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या, पेडलची पाटी सोडवून पिशवीत घालून नेते. दुकानदाराला पहिल्यांदा वाटलं मी कसलं तरी यंत्र विकायला आले आहे. पण त्या पाटीवर बूट घासून बघितला की जे कळतं, ते काचेच्या कपाटासमोर चालून कळत नाही.

बूट घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजतात. कार्यक्रमात घालता तेच मोजे घालून जा. दोन्ही पाय सारखे नसतात, मोठ्या पायाचं माप धरा. सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा सुटली पाहिजे; त्याहून जास्त सुटली तर बुटाचं नाक पेडलच्या साखळीला नाहीतर शेजारच्या बटणाला लागेल. टाच मात्र अजिबात वर सरकता कामा नये. ‘घालून घालून बसेल’ यावर विश्वास ठेवू नका. चामड्याचा बूट रुंदीला थोडा सैल पडतो, लांबीला वाढत नाही.

कोणत्या वाद्याला काय

बेस ड्रमच्या पेडलचं म्हणाल, तर दोन घराणी आहेत. टाच टेकवून वाजवणारे आणि टाच उचलून वाजवणारे. पहिल्यांना वर सांगितलेलं सगळं तंतोतंत लागू. टाच उचलणाऱ्यांचं सगळं वजन चवड्यावर येतं, मांडीही कामाला लागते. त्यांना चवड्याखाली किंचित जास्त जाडी चालते, पण तीही घट्ट हवी, भुसभुशीत नको. ज्यांना एका पायाने झटपट दोन ठोके काढायचे असतात ते पाय पाटीवर पुढे सरकवतात किंवा टाच आणि चवडा आळीपाळीने वापरतात. त्यांना रबराचा चिकट सोल वैरी. गुळगुळीत चामडं, स्वेड किंवा झिजून सपाट झालेला जुना सोल बरा. उलट ज्यांचा पाय वेगात पाटीवरून घसरतो त्यांना थोडी पकड हवी. म्हणजे ‘ड्रमसाठी सर्वांत चांगला सोल कोणता’ या प्रश्नाला उत्तर नाही. आधी तुमचा पाय सरकतो की नको तिथे घसरतो, ते बघा. एखादा मित्र समोर जमिनीवर बसवून फोनवर पायाचं चित्रण करून घ्या. मी केलं तेव्हा कळलं की माझा पाय दर ठोक्याला दोन बोटं मागे येतो आणि मी तो परत पुढे ढकलते. वर्षानुवर्षं, फुकटची मजुरी.

दुहेरी पेडल, म्हणजे बेस ड्रम दोन्ही पायांनी वाजवायची सोय, असेल तर रुंदी मोजा. डाव्या पायाला हाय-हॅट (पायाने मिटायची झांजांची जोडी) आणि दुसरं पेडल अशी दोन बिऱ्हाडं असतात आणि ती चिकटून बसवलेली असतात. फताड्या बुटाची कड शेजारच्या पाटीला घासते आणि हाय-हॅट मधेच खुसफुसते.

लेसबद्दल एक सांगून ठेवते. लेसचे लोंबते फास बुटाच्या आत खुपसा. माझी लेस एकदा हाय-हॅटच्या पाटीच्या बिजागरीत अडकली आणि पुढची दोन गाणी डावा पाय तिथेच कैद होता. प्रेक्षकांना कळलं नाही. बेस गिटारवाल्याला कळलं आणि तो अजून हसतो.

१९०९ मध्ये ड्रम बनवणाऱ्या लुडविग बंधूंनी झटपट चालणारं बेस ड्रमचं पेडल बाजारात आणलं. ड्रमवाल्याच्या पायाला हे काम लागून शंभर वर्षं उलटून गेली, तरी बहुतेक जण अजून दुसऱ्या कशासाठी तरी बनवलेले बूटच शोधत असतात: कुस्तीचे, मुष्टियुद्धाचे, जॅझ नाचाचे, मोटार चालवण्याचे. यांतले कुस्तीचे मला सर्वांत आवडतात. पातळ, हलके, घोट्याला धरून बसणारे. दिसायला विचित्र, पण ड्रमच्या मागे कोण बघतंय!

ऑर्गनवाल्यांचं मात्र बरं आहे, त्यांच्यासाठी खास बूट बनतात. चर्चमध्ये मोठा पाइप ऑर्गन वाजवणाऱ्या एका मैत्रिणीमुळे मला हे सगळं कळलं. तिथे पायाखाली पेडल नसून अख्खा स्वरपट असतो. अमेरिकी मापाच्या पटावर ३२ पट्ट्या. पाय नुसता दाबत नाही, सूर वाजवतो, तोही टाच आणि चवडा दोन्हींनी. म्हणून बुटाला साधारण तीन सेंटिमीटरची टाच हवी: सपाट बुटात टाच पट्टीपर्यंत नीट पोचत नाही, आणि टोकदार टाच दोन पट्ट्यांच्या फटीत जाते. सोल पातळ, बहुधा स्वेडचा, म्हणजे पाय एका पट्टीवरून दुसरीवर सरकतो पण निसटत नाही. कडेला सोलची बाहेर आलेली किनार नको, कारण ती शेजारची पट्टी दाबते. आणि हे बूट घालून ती रस्त्यावर एक पाऊल टाकत नाही. एक खडा सोलला चिकटून आला तरी लाकडावर ओरखडा उठतो. पिशवीतून बूट काढून बाकावर बसूनच घालते. मला आधी हे नखरे वाटायचे.

पियानोच्या उजव्या पेडलला सुरुवातीचा थोडा प्रवास मोकळा असतो. मग तारांवरचे दाबक उचलले जायला लागतात आणि पायाखाली वजन जाणवतं. अर्धं पेडल वापरायचं म्हणजे याच वजनाच्या उंबरठ्यावर पाय तोलून धरायचा. हा उंबरठा जाड सोलमधून लागत नाही, मग वाजवणारा एकतर पूर्ण दाबतो नाहीतर पूर्ण सोडतो, आणि शिक्षक त्याच्या कानाला दोष देतात. माझ्या एका विद्यार्थिनीचा पेडलचा गोंधळ महिनाभर सुटत नव्हता; तिला पातळ तळव्याचे कापडी बूट घालून यायला सांगितलं आणि त्याच दिवशी अर्ध्याहून जास्त गोंधळ मिटला. रबराचा सोल पितळेवर चीं-चीं करतो, तो प्रकार शांत सुरावटीत पहिल्या रांगेपर्यंत ऐकू जातो. घरी सराव अनवाणी आणि मंचावर उंच टाचा, असं करणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: ज्यात वाजवायचं त्यातच निदान शेवटचा आठवडा सराव करा. टाचेची उंची बदलली की पेडलवर पाय येण्याचा कोन बदलतो.

व्हायब्रफोनला हा कोन सर्वांत जास्त नडतो, कारण तिथे उभं राहून वाजवायचं असतं. एक पाय पेडलच्या आडव्या दांड्यावर, शरीराचा भार दुसऱ्यावर. एका संगीत नाटकात वेशभूषेच्या हट्टापायी मी सात सेंटिमीटर टाचेच्या काळ्या बुटांत उभी राहिले. उजवी टाच टेकलेली दिसायची, पण तिचं टोक नाण्याएवढं. पेडल सोडलं की घोटा बाहेर कलायचा. दुसऱ्या अंकात पोटरीत असा गोळा आला की एक संपूर्ण ओळ पेडलविना, कोरडीठाक वाजली. तिसऱ्या प्रयोगापासून काळे जॅझ बूट घातले. वेशभूषा बघणाऱ्या बाईंना पुढचे आठ दिवस ते कळलंही नाही.

गिटारवाल्यांचा प्रश्न निराळा. त्यांची पेडलं म्हणजे आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या बटणांच्या डब्या, एका फळीवर (पेडलबोर्डवर) शेजारी शेजारी मांडलेल्या. त्यांना पेडल जाणवण्यापेक्षा नेमकं एकच बटण दाबलं जाणं महत्त्वाचं. यासाठी कागद घ्या. त्यावर बूट घालून उभे राहा आणि पेन्सिलीने बाहेरून आखणी करा. मग अनवाणी पायाची त्याच कागदावर दुसरी आखणी करा. माझ्या नवऱ्याची आखणी केली तेव्हा पाऊल चवड्यापाशी १० सेंटिमीटर आणि बूट १२. हे दोन सेंटिमीटर विनाकारण मिरवायचे. तो कागद कापून पेडलबोर्डवर प्रत्येक बटणावर ठेवून बघा. शेजारचं बटण किंवा एखादी खुंटी झाकली जाते का? जात असेल तर निमुळत्या टोकाचा बूट घ्या किंवा पेडलं हलवा. पेडलं हलवणं स्वस्त पडतं.

गिटारचा सूर ‘वा-वा’ असा बदलणाऱ्या वा-वा पेडलला बूट पूर्ण मावायला हवा, कारण टाचेने मागे आणि चवड्याने पुढे झुलवायचं असतं. चवड्याचा भाग वर वळलेला असेल तर पुढच्या टोकाचं चालू-बंदचं बटण लागत नाही आणि माणूस ऐन वेळी त्यावर उडी मारतो. बाकी गिटारवाल्यांना एका पायावर उभं राहून दुसऱ्याने दाबायचं असतं, म्हणून दोन्ही बूट सारखेच चांगले हवेत. दाबणारा पाय मजेत असतो, भार घेणारा दमतो.

हार्पला सात पेडलं, डाव्या पायाला तीन, उजव्याला चार, आणि प्रत्येकाला तीन खाचा. पाय खाचेतून बाजूला काढून वर-खाली न्यायचा असतो, त्यामुळे अरुंद, सरळ कडांचा बूट हवा. उघड्या सँडलचा पट्टा तिथे हमखास अडकतो.

पेडल स्टील गिटार (आडवी ठेवून, बसून वाजवायची, पेडलं असलेली गिटार) वाजवणाऱ्यांना एक गोष्ट कुणी सांगत नाही: त्यांच्या वाद्याला गुडघ्याने ढकलायच्या दांड्याही असतात. बुटाची टाच वाढली की गुडघा वर जातो आणि दांड्यांशी बसवलेलं सगळं गणित बिघडतं. शिवाय दोन शेजारची पेडलं एकाच पायाने, पाऊल आडवं कलवत दाबायची असतात. म्हणून चवडा दोन पेडलांवर पुरेल एवढा रुंद, पण तिसऱ्याला न लागणारा. एकदा जोड जमला की हे लोक तो फाटेपर्यंत सोडत नाहीत, आणि बरोबरच आहे.

अनवाणी वाजवावं का

घरी, कोरड्या फरशीवर, पियानोला किंवा ड्रमला, खुशाल. मी स्वतः सरावाच्या अर्ध्या वेळेला मोज्यांवर असते, पायाला पेडल काय सांगतंय ते त्याशिवाय शिकता येत नाही. पण गिटारच्या धातूच्या बटणांवर अनवाणी पाय दुखतो. ओल्या जमिनीवर विजेच्या उपकरणांभोवती अनवाणी वावरू नये हे सांगायला नकोच, तरी सांगते. मंचावर खिळे, तुटलेल्या तारा, स्टँडचे पाय असतात. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर अनवाणी अजिबात नको. जखम झालेली कळत नाही.

आधी बैठक तपासा

नवे बूट घेऊनही दुखत असेल तर स्टूलाकडे बघा. मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती असावी. स्टूल खाली असेल तर प्रत्येक ठोक्याला मांडी उचलावी लागते आणि जगातला कुठलाही बूट ते भरून काढत नाही. आणि बूट बदललात तर स्टूलही बदला: जुन्यापेक्षा सोल सेंटिमीटरभर पातळ असेल तर स्टूलही तेवढंच खाली. सोपी गोष्ट, पण मला सुचायला काही वर्षं लागली.

बोटांची आग, मुंग्या किंवा बधिरपणा बूट काढल्यावरही राहत असेल तर दुकान बदलू नका, डॉक्टरांकडे जा. अंगठ्याच्या मुळाशी हाड वर आलेलं असेल तर त्या जागी शिवण नसलेला, मऊ वरच्या भागाचा बूट निवडा. कडकपणा टाचेत हवा, तिथे नाही.

हातात आहेत तेच बूट थोडे सुधारूनही बघता येतात. आतली जाड स्पंजची गादी काढा आणि चामड्याची किंवा कॉर्कची पातळ गादी घाला. टाच सरकत असेल तर लेस सर्वांत वरच्या भोकातून बाहेरून आत ओवून छोटा फास करा, समोरच्या लेसचं टोक त्यातून ओढून घ्या आणि मग गाठ मारा. टाच जागेवर बसते आणि चवड्यावरची पकड सैल ठेवता येते. सोल फार चिकट वाटला तर चवड्याखाली स्वेडचा तुकडा चिकटवून देणारा चांभार शोधा. स्वेड वापरून चकचकीत आणि घसरडं झालं की तारेच्या ब्रशने एकाच दिशेने घासा.

आणि जपून ठेवलेले बूट. मी एक जोड ‘खास कार्यक्रमांसाठी’ म्हणून खोक्यात ठेवला होता, सहा-सात वर्षांत दहादाच घातलेला. एका संध्याकाळी तिसऱ्या गाण्यात उजव्या पेडलवर काहीतरी भुगा पडायला लागला. मला वाटलं बीटरचा, म्हणजे ड्रमवर आपटणाऱ्या दांड्याचा, नमदा सुटला. खाली बघितलं तर सोल केकसारखा चुरत होता. पॉलियुरेथेनचे सोल हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतात, वापरले नाहीत तरी. किंबहुना खोक्यात पडून राहिले तर कळतही नाही. दोन गाण्यांच्या मध्ये साउंडवाल्याकडून काळी कापडी चिकटपट्टी घेऊन बुटाला चार वेढे दिले आणि उरलेला कार्यक्रम त्यावर काढला. पट्टी पाटीला चिकटायची, पाय उचलला की टर्रकन आवाज यायचा.

आता नवा जोड घेतला की जिभेच्या आतल्या बाजूला मार्करने महिना आणि वर्ष लिहून ठेवते, आणि दर कार्यक्रमाआधी सोल अंगठ्याने दाबून बघते. बॅगेत काठ्यांच्या शेजारी कुस्तीच्या बुटांचा जुना जोड कायम असतो. आणि चिकटपट्टीही.